होळकरांचे सेनापती : कै. कर्नल सी. के. नायडू

कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांचे नाव निघाले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. मुंबई जिमखान्याचे मैदान, १९२६ सालचा डिसेंबर महिना, समोर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ आणि तंबूच्या छपरांवर जाऊन पडणारे चेंडू. त्या दिवशी हिंदू संघाकडून त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार होते. ही कथा घरोघर इतक्या वेळा सांगितली गेली आहे की नायडू म्हणजे षटकार असे समीकरणच होऊन बसले. ते खोटे नव्हे. पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे आयुष्य या पुरुषाने दुसऱ्यांच्या हातातील चेंडूची चिंता करण्यात घालविले. त्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी तोच विषय निवडला आहे.

रायपूरच्या स्मरणिकेत नायडूंचे काय, असा प्रश्न तरुण वाचकांस पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आज रायपूर ही स्वतंत्र राज्याची राजधानी असली, तरी नायडूंच्या उमेदीच्या काळात आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि आपली राजधानी नागपूर होती. नोकरीची नेमणूक नागपूरहून होई, मुले पुढील शिक्षणासाठी नागपूरला जात, सोयरीक नागपूरकडची आणि वृत्तपत्रेही बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहूनच येत. आमचे तीर्थरूप नायडूंचा उल्लेख आपल्या गावचा माणूस असा करीत, तेव्हा त्यांत त्यांना काहीच अतिशयोक्ती वाटत नसे.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे तेलुगू, वकिलीच्या व्यवसायाने नागपुरात स्थिरावलेले. वडील सूर्यप्रकाशराव इंग्लंडात केंब्रिजला शिकून आलेले कायदेपंडित होते. आपल्या मूळ मुलखापासून दूर, परक्या भाषेच्या गावी घर करून राहिलेल्या कुटुंबात मुले कशी वाढतात, दोन भाषा आणि दोन चालीरीती कशा सहज अंगवळणी पडतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्ये शिकत असतानाच हा मुलगा क्रिकेटमध्ये चमकू लागला. उंच, सडपातळ, काटक अंगाचा, मध्यमगती चेंडू टाकणारा आणि हाती बॅट आली की तो दूर भिरकावून देणारा.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध तो प्रथम खेळला, तो नवव्या क्रमांकावर. पहिले तीन चेंडू त्याने सरळ बॅटने रोखले आणि चौथा सीमेपार उंच मारला, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या काळी हिंदू संघात पळवणकर बंधू होते. थोरले बाळू हे डावऱ्या हाताने मंदगती चेंडू टाकीत आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले होते. भारतीय संघाने पुढे कितीतरी वर्षे ज्या डावखुऱ्या फिरकीवर भिस्त ठेवली, तिचे मूळ त्यांच्यापाशी जाते. सामना जिंकून देणारा गोलंदाज कसा असतो, याचा धडा तरुण नायडूंच्या नजरेसमोर पहिल्याच वर्षी होता.

१९२३ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून फौजेत अधिकारपद दिले. नायडूंनी नागपूर सोडले. सोडण्याचे कारणही उघड आहे. क्रिकेटवर तेव्हा कोणाचे पोट भरत नसे आणि प्रपंच तर करावयाचा होता. संस्थानिकांच्या पदरी राहिले म्हणजे महिन्याचा पगार, गणवेश, मान आणि खेळावयास सवड असे चारही लाभ एकदम होत. कप्तानापासून कर्नलपर्यंत ते चढत गेले. पुढे सगळा देश त्यांना सी. के. या दोन अक्षरांनी ओळखू लागला, तरी इंदुरात ते अखेरपर्यंत कर्नलसाहेबच राहिले.

इंदुरात आल्यावर त्यांनी गल्लीत खेळणाऱ्या पोरांकडे लक्ष द्यावयास सुरुवात केली. मुश्ताक अली हा त्यांतलाच एक. १९१४ साली इंदुरात जन्मलेला हा मुलगा मूळचा डावखुरा मंदगती गोलंदाज होता. १९३४ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या कसोटीत त्याची निवड झाली ती गोलंदाज म्हणूनच. पुढे १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय म्हणून तो गाजला आणि त्याची गोलंदाजी लोक विसरूनही गेले. एखाद्याच्या अंगी जे दिसते आहे त्यापलीकडे काय दडले आहे, हे ओळखण्याची नजर नायडूंपाशी होती, ती येथे प्रथम प्रकट झाली.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. संघाचे नेमलेले कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. पण त्यांनी मोठ्या मनाने बाजूस होऊन ती जबाबदारी नायडूंवर सोपविली. सामन्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच इंग्लंडचे तीन फलंदाज १९ धावांत परतले. महंमद निसार यांचा वेग आणि अमरसिंग यांचा खेळपट्टीवरून झेपावणारा चेंडू यांनी इंग्लिश प्रेक्षकांच्या तोंडचे पाणी पळविले. शेवटी सामना १५८ धावांनी गेला, कारण फलंदाजी कोसळली. दुखावलेल्या हाताने खेळून नायडूंनी काढलेल्या ४० धावा हीच भारताच्या पहिल्या डावातील सर्वोच्च धावसंख्या ठरली. त्या दौऱ्यात त्यांनी स्वतः प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. दुसऱ्या वर्षी विस्डेनने वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांची गणना केली. निसार व अमरसिंग हाताशी असलेला कर्णधार कोणाचीही भीती बाळगत नाही, हा अनुभव एकदा घेतलेल्या मनुष्यास पुढे वर्षानुवर्षे बोथट मारा घेऊन मैदानात उतरावे लागले तर काय वाटत असेल, याची कल्पना करावी.

१९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले, संघात तट पडले, आणि ओव्हलवर ८१ धावांची झुंज देऊन नायडूंची कसोटी कारकीर्द संपली. सात सामने, ३५० धावा, नऊ बळी. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या नावापुढे हे आकडे फार लहान दिसतात. तेव्हा त्यांचे वय चाळिशीपलीकडे गेले होते. दुसरा कोणी असता तर मानाची निवृत्ती पत्करून आठवणी लिहीत बसला असता. नायडूंच्या आयुष्यातील खरे बांधकाम मात्र येथून पुढे सुरू होते.

१९४१-४२ पासून होळकर संस्थानाचा स्वतंत्र संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत उतरू लागला. यशवंतराव होळकर तेव्हा गादीवर होते. स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की वर्ष संपले, आणि पुन्हा उभे राहावयाचे ते पुढच्या हिवाळ्यात. मधले सहा-सात महिने उन्हाळा व पाऊस. याच महिन्यांत कर्णधाराला आपला ताफा पुन्हा उभा करावा लागे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांकडून ऐकतो की तिकडे बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यातील संघ ऐन हिवाळ्यात, खेळ बंद असताना, चेंडू फेकणाऱ्या पिचर मंडळींची जुळवाजुळव करतात. कोणाला सोडतात, कोणाला लाखो डॉलर मोजून आणतात, आणि वसंत ऋतूत कोणाचा हिशेब बरोबर आला ते कळते. इंदुरात डॉलर नव्हते. तेथे संस्थानातली नोकरी होती, आणि नायडूंचा शब्द होता.

आणि येथे आपल्या प्रांताचा संबंध पुन्हा येतो. होळकरांचा जो मारा पुढे देशभर गाजला, त्याची माणसे बहुतेक आपल्याकडचीच. धाकटे बंधू सी. एस. नायडू नागपूरचे, लेग-ब्रेक व गुगली टाकणारे. बडोद्याकडून खेळताना १९४२-४३ च्या एका हंगामात रणजी सामन्यांत ४० बळी मिळविण्याचा विक्रम त्यांनी केला होता. हिरालाल गायकवाड हेही १९२३ साली नागपुरातच जन्मले. डावऱ्या हाताने कधी मध्यमगती तर कधी मंद चेंडू टाकण्यात तरबेज. चंद्रशेखर त्र्यंबक उर्फ चंदू सरवटे यांचा जन्म सागरचा, १९२० सालचा. सरवटे आणि गायकवाड या दोघांनीही सुरुवात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघातूनच केली. मध्यप्रांताच्या संघाला ते टिकवून धरता आले नाहीत, कारण प्रांतापाशी त्यांना देण्यासारखे काही नव्हते. नागपूरकर मंडळींनी याबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. मला ती हळहळ समजते. पण पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना बोल लावण्याचा अधिकार निदान आपल्या मंडळातील कोणास आहे, असे वाटत नाही.

१९४४-४५ साली होळकर संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. गाठ मुंबईशी होती, मुंबईच्याच मैदानावर, आणि सामना निकाल लागेपर्यंत चालावयाचा होता. महायुद्धामुळे महूच्या छावणीत आलेले इंग्लंडचे सुप्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन त्या वर्षी होळकरांकडून खेळत होते. धावांचा असा पाऊस त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. मुंबईने ४६२ व ७६४ धावा केल्या; विजय मर्चंट यांनी एकट्याने २७८ काढल्या. होळकरांच्या ३६० व ४९२ धावा झाल्या; मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतके आणि कॉम्प्टन नाबाद २४९. विजयासाठी ८६७ धावा हव्या होत्या. ३७४ धावांनी पराभव झाला.

या सामन्याची आठवण मर्चंट आणि कॉम्प्टन यांच्या धावांसाठी काढली जाते. पण त्या धावफलकात एक आकडा आहे, जो वाचताना आजही खांदा दुखू लागतो. सी. एस. नायडू यांनी पहिल्या डावात ६४.५ आणि दुसऱ्या डावात ८८ षटके टाकली. मिळून १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू. ११ बळी मिळाले, पण ४२८ धावा मोजाव्या लागल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याचे दुसरे उदाहरण नाही. कर्णधाराने सख्ख्या भावाला असे राबविले याचे कोणी कौतुक केले, कोणी त्यास निर्दयपणा म्हटले. माझ्या मते तो कौतुकाचाही विषय नव्हे आणि निर्दयपणाचाही नव्हे. ती एका कर्णधाराची असहायता होती. चेंडू दुसऱ्या कोणाकडे द्यावा, असा विश्वासाचा माणूस जवळ असता तर ८८ षटके एकाच्या हाती कशाला राहिली असती?

लेग-ब्रेक टाकणारा गोलंदाज हा दुधारी असतो. तो बळी घेतो, पण धावाही देतो. त्याच्या जोडीला दुसऱ्या बाजूने दार बंद करून बसणारा कोणी असावा लागतो. फलंदाजाला एकीकडे धावाच मिळेनाशा झाल्या म्हणजे तो उतावीळ होऊन दुसरीकडे चूक करतो. गोलंदाजी ही अशी जोडीने करावयाची गोष्ट आहे, मृदंगाच्या दोन तोंडांसारखी. ही जोडी, आणि जोडीला तिसरा पर्याय, असा ताफा नायडूंना हवा होता.

इंदूरचा पावसाळा लांबतो. जाळी गुंडाळून ठेवलेली, मैदान चिखलाने माखलेले. फिरकी गोलंदाजाच्या दृष्टीने हा काळ सर्वांत धोक्याचा, कारण त्याची विद्या बोटांत असते आणि बोटे फार लवकर विसरतात. चेंडूचा टप्पा हा गायकाच्या सुरासारखा. रोज लावला तर लागतो. नायडूंची शिस्त लष्करी होती. स्वतः पन्नाशीला आलेले असताना त्यांच्या अंगावर चरबीचा कण नव्हता, आणि जे मी करतो ते तुम्हांस का जमू नये, हा त्यांचा न बोललेला प्रश्न विशीतल्या पोरांना शरमिंदा करी. चेंडू अंगावर आदळला तरी ती जागा चोळावयाची नाही, असा त्यांचा दंडक असल्याचे सांगतात. त्यांच्या हाताखाली खेळणे सुखाचे नव्हते. काहींना ते गर्विष्ठ वाटले, काहींशी त्यांचे कायमचे बिनसले. हे लपविण्याचे कारण नाही. माणूस कडक होता.

१९४५-४६ च्या हंगामात या मेहनतीचे फळ दिसले. इंदुरास म्हैसूरविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि स्वतः कर्नलसाहेब अशी एकाच डावात सहा शतके झाली. हा विश्वविक्रमच होता आणि पन्नास वर्षांच्या कर्णधाराच्या १०१ धावा त्यात होत्या. लोक या सहा शतकांविषयी बोलतात. पण शतके झाली तरी समोरच्यांना बाद तर करावेच लागते, आणि ते काम सरवटे यांनी केले. म्हैसूरचे ९ बळी त्यांनी अवघ्या ६१ धावांत घेतले. त्यांच्या सबंध कारकीर्दीतील ही सर्वोत्तम कामगिरी. आता चेंडू एकट्या सी. एस. यांच्या हाती नव्हता. अंतिम सामन्यात बडोद्याचा ५६ धावांनी पराभव झाला आणि करंडक प्रथमच इंदुरात आला.

या सरवट्यांविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. १९४६ च्या मे महिन्यात ओव्हल येथे सरे संघाविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनी शेवटचे फलंदाज शूटे बॅनर्जी यांच्या साथीने २४९ धावांची भागीदारी केली आणि दोघांनीही शतके ठोकली. कायद्याचे पदवीधर, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, पुढे राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य. बोटांनी चेंडू वळविणाऱ्याने बोटांच्या ठशांचा अभ्यास करावा, यात एक मौज आहेच!

पण १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याला झालेल्या अंतिम सामन्याने सारे होत्याचे नव्हते केले. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याचे तीन गडी शंभरीच्या आत बाद झाले, तेव्हा सामना बरोबरीत होता. मग विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. हजारे २८८, गुल महंमद ३१९. चौथ्या जोडीने ५७७ धावा केल्या. जगात कोणत्याही जोडीने केलेल्या धावांचा हा उच्चांक पुढे जवळजवळ साठ वर्षे, २००६ पर्यंत अबाधित होता. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या. होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी हार. इतका लाजिरवाणा पराभव पत्करून इंदूरला परतताना रेल्वेच्या त्या डब्यात काय शांतता असेल!

अशा वेळी सामान्य कर्णधार एक तर निवृत्त होतो, नाही तर संघातील निम्मे लोक बदलून टाकतो. नायडूंचे वय ५१ होते. निवृत्तीला कोणी नाव ठेवले नसते. त्यात त्या वर्षीच्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला, संस्थानांचे पुढे काय होणार हे कोणास कळेना, आणि ज्या नोकऱ्यांच्या आधारावर हा संघ उभा होता त्या नोकऱ्याच राहणार की जाणार, अशी स्थिती झाली. भरीस भर म्हणून भारताचा संघ त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला निघाला आणि त्यात होळकरांचे सरवटे व सी. एस. नायडू या दोघांचीही निवड झाली. दौरा ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. म्हणजे ज्यांच्याभोवती नायडूंनी तीन वर्षे आपला मारा बांधला, ते दोन्ही गोलंदाज हंगामाचा बराचसा भाग समुद्रापार असणार. ज्या घराचे छप्पर वादळाने उडाले, त्याचे दोन खांबही कोणी मागून न्यावेत, तसे हे झाले. तक्रार करावयास जागा नव्हती, कारण देशासाठी खेळणे हाच तर खेळाडूचा सर्वोच्च मान.

या रिकाम्या जागी हिरालाल गायकवाड यांचे मोल कळते. ते फारसे गाजले नाहीत. पुढे १९५२ साली लखनौला पाकिस्तानविरुद्ध एकच कसोटी त्यांच्या वाट्याला आली. परंतु तासन्‌तास एका टप्प्यावर चेंडू टाकीत राहण्याची त्यांची चिकाटी, आणि चेंडू नवा असताना मध्यमगती व जुना झाल्यावर मंदगती असे एकाच माणसाकडून दोन गोलंदाजांचे काम होण्याची सोय, ही कर्णधाराच्या दृष्टीने सोन्याहून मोलाची होती. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ३७५ बळी घेतले. संसारात जसे एखादे माणूस कधी पुढे येत नाही आणि ते नसले की घर चालत नाही, तसे गायकवाड होळकर संघात होते. वेळ पडली की कर्नलसाहेब स्वतःही चेंडू हाती घेत.

१९४७-४८ चा अंतिम सामना इंदुरात झाला. समोर पुन्हा मुंबई, जिने तीन वर्षांपूर्वी ७६४ धावांचा डोंगर उभारला होता. होळकरांनी हा सामना नऊ गडी राखून जिंकला. बडोद्याच्या त्या पराभवानंतर पुढच्याच हंगामात! दोन महिन्यांनी, २८ मे १९४८ रोजी, मध्यभारत राज्य अस्तित्वात आले आणि होळकर संस्थान त्यात विलीन झाले. संस्थान राज्य म्हणून उभे असताना त्याने जिंकलेला हा शेवटचा करंडक.

संस्थान गेले तरी संघाचे नाव होळकर हेच राहिले आणि कर्णधारही तेच. १९५०-५१ साली अंतिम सामन्यात गुजरातला १८९ धावांनी हरवून तिसरे विजेतेपद मिळाले. पुढच्या वर्षी मुंबईने ५३१ धावांनी धुव्वा उडविला; याच सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून नायडूंचे दोन दात पडले. ५६ वर्षांच्या या गृहस्थाने खेळपट्टीवरील दात बॅटने बाजूला सारले, औषधोपचार नाकारला आणि फडकरांनी वयाकडे पाहून वेग कमी केल्यावर त्यांनाच उलट खडसावले, असे सांगतात. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. लगेचच्या १९५२-५३ च्या हंगामात कलकत्त्याला बंगालवर पहिल्या डावातील आघाडीने मात करून होळकर चौथ्यांदा विजेते झाले. नऊ हंगामांत आठ अंतिम सामने आणि चार करंडक, असा हा हिशेब आहे. सरवटे व गायकवाड ही नावे त्या धावफलकांतून सतत भेटत राहतात. सरवट्यांचे प्रथम श्रेणीतील बळी ४९४ झाले. एका मोठ्या पराभवानंतर माणसे टाकून न देता त्याच माणसांकडून अधिक काम करवून घेणे, ही नायडूंची रीत होती, आणि आजच्या लिलावाच्या जमान्यात ती काहीशी जुनाट वाटेल.

१९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हा मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून रणजी सामन्यांत उतरले, आणि १९६३-६४ साली, अडुसष्टाव्या वर्षी, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघातून त्यांनी शेवटचा सामना खेळला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९९५ साली वडिलांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक लिहिले. स्वतः त्या स्त्रियांमधील आद्य क्रिकेट समालोचक म्हणून ओळखल्या गेल्या. नायडूंचे नाव आज तरुणांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला आहे, आणि इंदूरच्या मैदानाला २०१० साली होळकरांचे नाव देण्यात आले.

होळकर संघाची परंपरा पुढे मध्यप्रदेशाकडे आली, आणि १९५६ पासून २००० पर्यंत आपले रायपूरही त्या मध्यप्रदेशातच होते. त्या सगळ्या वर्षांत करंडक एकदाही आला नाही. तो आला २०२२ च्या जूनमध्ये, बंगळूरला, मुंबईचा सहा गडी राखून पराभव करून; प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. त्या सामन्याला मध्यप्रदेशाचा प्रमुख वेगवान गोलंदाज आवेश खान नव्हता. तो भारताच्या संघाबरोबर होता. त्याच्यावाचून उरलेल्या गोलंदाजांनी मुंबईचे वीस गडी बाद केले. दूरदर्शन संचापुढे बसून तो सामना पाहताना मला वारंवार १९४७-४८ चा हंगाम आठवत होता, आणि शेजारी बसलेल्या नातवाला सरवटे कोण, गायकवाड कोण, हे सांगण्यात दोन षटके निसटली, याबद्दल त्याने माझ्यावर रागही धरला.

आता छत्तीसगडचा संघ स्वतंत्र आहे. २०१६-१७ पासून तो रणजी स्पर्धेत खेळतो. नवा रायपूरच्या शहीद वीर नारायणसिंह मैदानावर २१ जानेवारी २०२३ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. षटकार पाहावयास म्हणून सबंध शहर लोटले होते. प्रत्यक्षात भारतीय गोलंदाजांनी न्यूझीलंडला १०८ धावांत गुंडाळले आणि सामना लवकरच आटोपला. परतताना पुष्कळ मंडळी जरा हिरमुसलेली दिसली. कर्नलसाहेब असते, तर ते खूश होऊन घरी गेले असते.